डिकीतलं डिपार्टमेंट

माझ्या आत्याच्या मते जगात नोकरीचे दोनच प्रकार असतात. एक परमनंट, आणि दुसरा "होईल गं, देवाच्या मनात आलं की." मी गेली अकरा वर्षं दुसऱ्या प्रकारात आहे.

दर शनिवारी रात्री, म्हणजे मिरजेत रविवारची सकाळ, व्हिडिओ कॉल येतो. आधी आत्याचं कपाळ दिसतं, मग छताचा पंखा, मग पुन्हा कपाळ. आणि त्या कपाळातून आवाज येतो, "मंदे, झालीस का परमनंट?"

"नाही आत्या."

"मग एवढ्या लांब अमेरिकेत जाऊन केलंस काय?"

हा प्रश्न मला अन्यायाचा वाटत नाही. शिवाजी विद्यापीठातून इतिहासात एमए केलं आणि तालुक्याच्या एका कॉलेजात दोन वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. सीएचबी. ज्यांच्या घरात कुणी सीएचबी आहे त्यांना ही तीन अक्षरं समजावून सांगावी लागत नाहीत, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांनी सुखानं झोपावं. मग लग्न झालं, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आले. नवऱ्याच्या व्हिसाला लटकून सात वर्षं काढली, त्यात काम करायला बंदी. ग्रीन कार्ड आलं तशी हौसेनं पुन्हा विद्यापीठात गेले, एथ्निक स्टडीजमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समाजांच्या अभ्यासात, दुसरं एमए केलं आणि एका कम्युनिटी कॉलेजात नोकरी लागली. नेमणुकीचा कागद उघडून पाहिला तर काय? तासिका तत्त्व. सातासमुद्रापार माझी वाट बघत बसलं होतं. इथं त्याला अॅडजंक्ट म्हणतात एवढाच फरक. पाचवीला पुजलेलं म्हणतात ते हेच असावं.

मी नेमकं काय शिकवते हा आमच्या घराण्यातला दुसरा न सुटलेला प्रश्न. विषयाचं नाव लॅटिनो आणि एथ्निक स्टडीज. आईला फोनवर त्यातलं "लॅटिन" तेवढं ऐकू आलं. तिनं सोसायटीभर सांगितलं की मंदा अमेरिकेत लॅटिन शिकवते, गोऱ्यांना. लोकांवर छाप पडली. समोरच्या काकूंचा नातू फार्मसीला होता. वनस्पतींची लॅटिन नावं पाठ होत नाहीत म्हणून त्याला माझा नंबर देण्यात आला. मी त्याला सांगितलं, अरे बाळा, लॅटिनो म्हणजे मेक्सिको, ग्वातेमाला, एल साल्वादोर, पोर्तो रिको अशा ठिकाणांशी नातं असलेली माणसं. त्यांचा अमेरिकेतला इतिहास मी शिकवते. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग अश्वगंधेचं नाव नाही माहीत तुम्हाला?"

आईला मी सविस्तर समजावलं. १८४८ साली ग्वादालुपे इदाल्गोचा तह झाला आणि मेक्सिकोचा अर्ध्याहून जास्त मुलूख अमेरिकेनं घेतला. मी राहते ते कॅलिफोर्निया त्यातच आलं. तिथली माणसं जागची हलली नाहीत, सरहद्द त्यांच्या अंगावरून गेली. आईनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हणजे भाऊबंदकी. एवढं सरळ सांग की." त्या वर्षी मी पहिल्या तासाला "भाऊबंदकी" हा शब्द फळ्यावर लिहिला. पोरांना तो तहाच्या नावापेक्षा लवकर पाठ झाला.

आता या नोकरीची रचना सांगते. कॅलिफोर्नियात ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत. दारं सताड उघडी, फी एका युनिटला ४६ डॉलर, वर्गात अठरा वर्षांचं पोरही असतं आणि त्याच बाकावर त्याच्या आजीच्या वयाची बाईही. व्यवस्था मला मनापासून आवडते. तिच्यात एकच बारीकशी अडचण आहे, ती म्हणजे मी. कायदा म्हणतो की अर्धवेळ शिक्षकाला एका कॉलेज-जिल्ह्यात पूर्णवेळाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम द्यायचं नाही. जास्त दिलं तर त्याला परमनंट करायची वेळ येईल ना! हा आकडा पूर्वी ६० होता. तो वाढवून ६७ केला तेव्हा म्हणे लोकांना आनंद झाला होता. आता सदुसष्ट टक्क्यांत घर चालत नाही, म्हणून माणूस दुसऱ्या जिल्ह्यातलं कॉलेज धरतो. तिथंही सदुसष्ट मिळाले तर बेरीज होते एकशे चौतीस टक्के. एवढं करून कुठल्याच ठिकाणी तो पुरता प्राध्यापक नसतो. अशा लोकांना इथं फ्रीवे फ्लायर म्हणतात. नाव ऐकून वाटतं उडत असतील. आम्ही ८८० नंबरच्या रस्त्यावर पहिल्या गिअरच्या वेगानं सरकत असतो.

माझं एक कॉलेज घराजवळ आहे. दुसरं अल्टामाँटची खिंड ओलांडून पलीकडे, सेंट्रल व्हॅलीत. जाऊन येऊन तीन तास. खिंडीत डोंगरभर पवनचक्क्या आहेत, त्या दिसल्या की साताऱ्याच्या चाळकेवाडीची आठवण येते, आणि चाळकेवाडीच्या मागोमाग कंदी पेढ्यांची. मग भूक लागते. म्हणून गाडीत चिवडा असतो. खरं तर गाडीत सगळंच असतं. दोन्ही कॉलेजांत मला स्वतःची खोली नाही, तेव्हा माझं डिपार्टमेंट डिकीत आहे. डाव्या बाजूला सोमवार-बुधवारचे निबंध, उजव्या बाजूला मंगळवार-गुरुवारचे. मधल्या फटीत खडू. फळे कधीच पांढरे झाले, पण हे खडू तालुक्याच्या कॉलेजातून निघताना पर्समध्ये राहिले होते आणि आता ते टाकवत नाहीत. शिवाय मार्कर स्वतःच्या पैशांचे, छत्री, घडीची खुर्ची आणि नेहमीचा काळा कोट. कोटाला जिऱ्याचा वास येतो, कारण किराणाही त्याच डिकीत येतो.

कॉलेज आठवड्याला अर्ध्या तासाच्या "ऑफिस अवर"चे पैसे देतं. ऑफिस देत नाही. मी तो अवर पार्किंगमध्ये, एका ओकच्या झाडाखाली, घडीच्या खुर्चीवर घेते. विद्यार्थ्याला डिकीच्या कडेवर बसवते. एकदा सुरक्षारक्षक आला आणि मला म्हणाला, "मॅडम, इथं विक्री करायला परवानगी नाही." निबंधांचे गठ्ठे बघून त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. समोरची पोरगी ताडकन उठून म्हणाली, "ही आमची प्रोफे आहे." लॅटिनो पोरं प्रोफेसरला लाडानं प्रोफे म्हणतात. आपल्याकडच्या "मास्तर"मध्ये जेवढी माया आणि जेवढी सलगी असते तेवढीच त्यात असते. रक्षक ओशाळला. जाताना त्यानं गाडीला बेकायदा पार्किंगची चिठ्ठी मात्र लावली, कारण ती जागा पूर्णवेळ कर्मचाऱ्यांची होती.

तसा दुसऱ्या कॉलेजात मला एक ड्रॉवर आहे. अर्धवेळवाल्यांच्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्यातला खालून दुसरा. उघडायला खाली बसावं लागतं आणि बसल्यावर उठायला टेबल धरावं लागतं. आत माझ्या आधीच्या कुणा अभाग्याच्या मोहरीच्या सॉसच्या पुड्या होत्या. मी त्या टाकल्या नाहीत. पूर्वसुरींचा ठेवा म्हणून राहू दिल्या.

पण खरी परीक्षा ऑगस्टमध्ये असते, सत्र सुरू व्हायच्या आधीचे दोन आठवडे. वर्गात पुरेशी नावं आली नाहीत तर वर्ग रद्द. पुरेशी म्हणजे किती, हे दर वर्षी वेगळं असतं आणि कधी छापील नसतं. शिवाय एखाद्या पूर्णवेळ प्राध्यापकाचा वर्ग रद्द झाला तर तो माझा भरलेला वर्ग उचलू शकतो. त्याला इथं "बंप" होणं म्हणतात. पंगतीत पान वाढून झाल्यावर वरपक्षाकडच्या कुणी येऊन म्हणावं, "जरा सरका हो," आणि सरकून सरकून आपण मांडवाबाहेर, तसं ते आहे. त्या दोन आठवड्यांत मी दिवसातून चाळीस वेळा संगणकावर नावांची संख्या बघते. नवरा शेअर बाजार बघतो, मी ही बघते. दोघांच्या तोंडावर साधारण एकच भाव असतो.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या ऑनलाइन वर्गाची संख्या भराभर वाढली. वीस, अठ्ठावीस, चाळीस! मी आनंदानं शिरा केला. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ओळख लिहून पाठवायची होती. चाळीसपैकी अकरा जणांची ओळख अक्षरशः सारखी. अकराही जणांना "ज्ञानाची अखंड ओढ" होती. माझा इतक्या वर्षांचा अनुभव सांगतो की वर्गात एवढी ओढ एकावेळी दोघांच्या वर कुणाला नसते. चौकशी केल्यावर कळलं की ही भुतं आहेत. शब्द माझा नाही, इथं अधिकृत बोलण्यातही त्यांना घोस्ट स्टुडंटच म्हणतात. खोट्या नावांनी प्रवेश घ्यायचा, सरकारी शिक्षणमदतीचे पैसे उचलायचे आणि अंतर्धान पावायचं. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांना या भुतांनी अगदी पछाडलंय.

आता शिक्षकाचं कर्तव्य असं की भुतं ओळखून ठरावीक तारखेच्या आत पटावरून काढायची. काढली की पट एकोणतीसवर. आणखी सहा खरी पोरं सोडून जाणार हे अनुभवानं ठाऊक. म्हणजे वर्ग कड्यावर. ठेवली तर सरकारची फसवणूक, हाकलली तर माझ्या पोटावर पाय. तीन दिवस मी हॅम्लेटसारखी फिरले, फरक इतकाच की त्याच्याकडे भूत एकच होतं. शेवटी एकेकाला पत्र लिहून पाहिलं, बाबा रे, खरा असशील तर उत्तर दे. दहांनी दिलं नाही. अकराव्याकडून दिलगिरीचं लांबलचक, सुरेख पत्र आलं. इतकं निर्दोष इंग्रजी माझ्या वर्गात कुणाचं नाही. माझंही नाही. मी जड मनानं त्यालाही काढलं. पितृपक्ष अजून तीन आठवडे लांब होता, तरी त्या दिवशी मी कावळ्याला घास ठेवला.

व्हॅलीतला संध्याकाळचा वर्ग मात्र हाडामांसाचा होता. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून हात वर आला. "प्रोफे, तुम्ही लॅटिना आहात?"

"नाही."

"मग?"

या "मग?"साठी माझ्याकडे आता तयार उत्तर असतं, पण पहिल्या वर्षी मला घाम फुटला होता. कोण कुठली मिरजेची बाई, मेक्सिकन पोरांना त्यांच्या आजोबांचा इतिहास सांगणार. उद्या कोल्हापुरात कुणी पेरू देशाचा माणूस येऊन तांबडा-पांढरा रस्सा शिकवायला लागला तर आपण काय करू? आधी हसू, मग चव घेऊ, मग त्याच्यावर लेख लिहू.

तयार उत्तराचा पहिला भाग जनगणनेचा. मी जुने तक्ते दाखवते. १९३० साली अमेरिकेच्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात "मेक्सिकन" हा एक पर्याय होता आणि "हिंदू" हाही एक होता. शीख असा, मुसलमान असा, रकाना हिंदूचाच. "म्हणजे बघा," मी सांगते, "तुमचे पणजोबा आणि आमची माणसं एकाच कागदावर, एकाच कारकुनाला डोकेदुखी म्हणून नोंदलेली आहेत." नुसती नोंदलेली नाहीत, त्यांनी लग्नंही केली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातून शेतीला आलेल्या पुरुषांना देशातून बायका आणणं कायद्यांनी अशक्य करून ठेवलं. गोऱ्या बाईशी लग्न लावून द्यायला कारकून तयार नसत. मेक्सिकन बाई आणि पंजाबी बुवा यांना मात्र कारकुनानं वर पाहिलं, खाली पाहिलं, दोघांचा रंग सारखाच दिसला आणि शिक्का मारला. इंपीरियल व्हॅलीत आणि युबा सिटीकडे अशी शेकडो घरं उभी राहिली. पोरांची नावं होजे सिंग, मारिया सिंग अशी. माझा प्रबंध यांच्यावरच होता. तो वाचून परीक्षकांनी विद्वत्तापूर्ण प्रश्न विचारले, आत्यानं एकच विचारला: "पोळ्या कोण करायचं?" प्रबंधातलं सगळ्यात चांगलं प्रकरण पुढे याच प्रश्नावर झालं.

दुसरा भाग पांडुरंग खानखोज्यांचा. वर्ध्याचे क्रांतिकारक, गदर चळवळीतले. इंग्रजांमुळे देशी परतणं शक्य नाही म्हणून १९२४ साली मेक्सिकोला गेले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा चालवल्या. चित्रकार दिएगो रिवेरानं मेक्सिको सिटीतल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटताना रंगवलंय. २०२२ मध्ये चापिंगोला त्यांचा पुतळाही बसला. त्या चित्राची घडी माझ्या डिकीत कायम असते. ती उघडून मी सांगते, "मराठी माणसानं मेक्सिकन लोकांना मका शिकवला, तेव्हा मला इतिहास तरी शिकवू द्या." पोरं चित्राकडे बघतात, मग माझ्याकडे. एकदा एकानं विचारलं, "त्यांना ऑफिस होतं का?" पोरगा हुशार होता, पण अशा हुशारीला गुण द्यायची माझ्या कोष्टकात सोय नाही. खानखोज्यांना मेक्सिकोनं भिंत दिली, मला ड्रॉवर मिळाला, आणि तोही खालून दुसरा.

तिसरा भाग मी ठरवला नव्हता, तो आपोआप घडला. नोव्हेंबरातली कार्तिकी एकादशी. वर्ग साडेसहाला, तेव्हा डब्यात साबुदाण्याची खिचडी, वर राजगिऱ्याची वडी. मधल्या सुट्टीत डबा उघडला तर पुढच्या बाकावरची मुलगी ओरडली, "अलेग्रिया!" मला वाटलं विंचू चावला. अलेग्रिया म्हणजे आनंद. मेक्सिकोत राजगिऱ्याच्या वडीला हेच नाव आहे. हुबेहूब आपलीच, फक्त गुळाच्या जागी बहुतेक मध. राजगिरा अॅझटेक लोकांचं देवाला वाहायचं धान्य होतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण मी त्याच्याकडे कधी डब्याच्या बाजूनं बघितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही फळ्यावर माझ्या उपासाची झडती घेतली. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणे तिथलेच. मिरची मेक्सिकोची. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळं अमेरिकेचं, राजगिरा अमेरिकेचा. यादी खाली खाली गेली आणि उरलं जिरं, तूप आणि मीठ. हजारो वर्षांची आमची पवित्र एकादशी म्हणजे निम्मं मेक्सिको आणि निम्मं पेरू, वर तुपाची धार! पेरू म्हटल्यावर पेरूही आठवला, पपई आठवली, अननस आठवलं, चिकूसुद्धा तिकडचाच. दारावरच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. त्या वर्षी दिवाळी आणि मेक्सिकन लोकांचा मृतांचा दिवस गळ्यात गळा घालून आले होते. भारतीय दुकान आणि मेक्सिकन दुकान, दोन्हीकडे झेंडू संपलेला. आदल्या पंधरवड्यात शेवटच्या जुडीसाठी मी एका म्हाताऱ्या बाईशी जवळजवळ भांडले होते. तिला तो नवऱ्याच्या फोटोला हवा होता, मला दाराला. शेवटी तिनंच निम्मा दिला.

ही हकिगत आईला सांगितली. ती हादरली. "म्हणजे इतकी वर्षं माझे उपास...?" मी घाईनं म्हटलं, पोचले गं पोचले. तिनं थोडा विचार करून निर्णय दिला, "तरीच एकादशी दुप्पट खाशी. परदेशी माल."

मागच्या बाकावरचा तो "मग?"वाला पोरगा त्या दिवसापासून पुढे बसायला लागला. त्याला मी खिचडी दिली हे कारण असेल, इतिहासाची गोडी असेलच असं नाही.

पुढच्या आठवड्यात डेलानोचा संप शिकवायचा होता. ८ सप्टेंबर १९६५ ला फिलिपिनो द्राक्षमजुरांनी लॅरी इट्लिआँगच्या नेतृत्वाखाली काम थांबवलं, आठ दिवसांनी सेसार चावेझ आणि डोलोरेस ह्युएर्ता यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. मागणी ताशी १ डॉलर ४० सेंटची. पाच वर्षं चालला. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरात कुणी ना कुणी द्राक्षं खुडलेली, त्यामुळे या तासाला मोबाइल खिशात जातात. मी रंगात येऊन मजुरीचा हिशेब मांडत होते, बागेपर्यंतच्या प्रवासाचे पैसे नाहीत, वाट बघण्याचे नाहीत, हातात पडतात ते फक्त खुडण्याचे. तेवढ्यात खिचडीवाल्यानं विचारलं, "प्रोफे, तुमचा रेट काय?"

शिक्षकानं वर्गाशी प्रामाणिक असावं असं मला माझ्या गुरूंनी शिकवलंय. त्या गुरूंना पेन्शन आहे. तरी मी सांगितलं. तासाला ८० डॉलर. वर्गात शिट्ट्या. "थांबा," मी म्हटलं, "हे फक्त वर्गात उभं राहण्याचे." मग खडू, म्हणजे मार्कर, त्यानंच घेतला. सत्राचे ५४ तास, एकूण ४,३२० डॉलर. तयारीला किती? तेवढेच, ५४. निबंध तपासायला? आणखी ५४, तेही पोरांनी टंकून दिले म्हणून. प्रवास? छत्तीस फेऱ्या, फेरीला तीन तास, १०८. बेरीज २७०. त्यानं भागाकार केला, खाली दोन रेघा मारल्या. बरोबर १६ डॉलर.

वर्ग शांत झाला. २०२४ साली कॅलिफोर्नियातलं किमान वेतन ताशी १६ डॉलरच होतं. कायद्याचा एक सेंटही भंग झाला नव्हता. मला उगाच अभिमान वाटला. पेट्रोल मी हिशेबात धरूच दिलं नाही.

पोरगा बर्गरच्या दुकानात काम करायचा. त्या एप्रिलपासून राज्यातल्या मोठ्या फास्ट फूड साखळ्यांत किमान वेतन २० डॉलर झालं होतं. तो बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला आणि अतिशय हळुवारपणे, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "प्रोफे, आमच्याकडे जागा आहे. मी मॅनेजरशी बोलू का? पहिल्या दिवसापासून शर्ट मिळतो."

मी नकार दिला, पण घरी येताना खिंडीत पवनचक्क्यांच्या खाली त्या शर्टाचा विचार केला. त्यावर नाव लिहिलेलं असतं.

ज्या विषयावर माझं पोट आहे, तो जन्माला आला तोही एका अर्धवेळ मास्तरापायीच. १९६८ च्या नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात इंग्रजीचे वर्ग घेणाऱ्या जॉर्ज मरी या ब्लॅक पँथरला, म्हणजे काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेतल्या माणसाला, निलंबित केलं, आणि तिथून विद्यार्थ्यांचा संप पेटला. काळे, मेक्सिकन, आशियाई, मूळनिवासी, सगळी पोरं एकत्र. मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून एथ्निक स्टडीजचं स्वतंत्र कॉलेज मिळालं. हे मी दर सत्रात शिकवते, आणि दर सत्रात कुणीतरी विचारतं की मग त्या अर्धवेळ मास्तरांचं पुढे काय झालं. मी म्हणते, त्या प्रश्नावर पुढच्या तासाला. पुढच्या तासाला सुट्टी असते.

डिसेंबर आला की मी सरकारदरबारी बेकार होते. हा आळस नाही, हा हक्क आहे. १९८९ सालच्या एका न्यायालयीन निकालानं आम्हाला तो मिळवून दिला. अर्धवेळ शिक्षकाचा पुढचा वर्ग पट भरेल की नाही यावर अवलंबून, तेव्हा दोन सत्रांच्या मध्ये त्याला परतीची वाजवी खात्री आहे असं म्हणता येत नाही, सबब बेकारभत्ता द्यावा. फॉर्ममध्ये खात्री आहे का असा प्रश्न असतो. मी "नाही" वर खूण करते. एवढं खरं उत्तर मी वर्षभरात दुसऱ्या कुठल्या फॉर्मवर देत नाही. "बेकारभत्ता" हा शब्द मी एकदा चुकून आत्यासमोर उच्चारला. कॉलवर पुढची पाच मिनिटं नुसता पंखा दिसत होता.

शेवटच्या तासाला अलेग्रियावाल्या मुलीनं मला थांबवलं. तिला माझ्या नावाबद्दल पहिल्या दिवसापासून विचारायचं होतं. मंदा. स्पॅनिशमध्ये "मांदा" म्हणजे नवस. कुमारीमातेला बोललेला. तिची आजी दर १२ डिसेंबरला, ग्वादालुपेच्या देवीच्या दिवशी, कुणा ना कुणासाठी मांदा फेडते. चर्चच्या दारापासून वेदीपर्यंत गुडघ्यांवर चालत जाते. यंदा आजीचं स्वतःचं काही मागणं नव्हतं, गुडघे मोकळे होते. "मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं," पोरगी म्हणाली. "ती विचारते, तुमच्यासाठी काय मागू?"

मला काही सुचेना. मिरजेच्या इतिहासाच्या बाईसाठी मेक्सिकोची एक म्हातारी गुडघ्यांवर चालणार म्हणते, आणि मला साधं वाक्य जुळवता येईना. मी म्हटलं, फुल-टाइम. पोरीनं हातावर लिहून घेतलं.

शनिवारी आईला सांगितलं. मला वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल. ती एकदम कामाचं बोलायला लागली.

"त्या देवीला नारळ चालतो का?"

"माहीत नाही. फुलं चालतात."

"आणि त्या आजीला नीट समजावून सांग. कुठलं कॉलेज, कुठला विषय, सगळं. मोघम बोलायचं नाही."

"का गं?"

आई जरा घुटमळली. मागून आत्याचं कपाळ अर्धवट कॅमेऱ्यात आलं.

"तू एमए झालीस तेव्हा मी अंबाबाईला नुसतं म्हणाले होते, मंदाला कॉलेजात लाव. तिनं दोन-दोन कॉलेजात लावलं. परमनंट म्हणायचं माझंच राहिलं बघ."